पावाचं स्वप्न

अमेरिकेतल्या मोहॉक आदिवासींच्या गावात स्वप्न म्हणजे जिवाची मागणी. कुणालाही पडो, साऱ्या गावाने ते पुरं करायचं, मग कितीही जड जावो.

ओटिलियाला पाच वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या जर्मन वस्तीतून धरून आणलं होतं. काहेन्तेने तिला आपल्या मेलेल्या लेकीच्या जागी घेतलं आणि लेकीसारखंच वाढवलं. काल सकाळी ओटिलिया चाचरत म्हणाली, "आई, मला स्वप्न पडलं. माझी जन्मदाती भट्टीतून पाव काढत होती आणि मला हाका मारत होती."

"तो दगडासारखा पाव?" काहेन्ते एवढंच म्हणाली. मग दिवसभर बसून तिने ओटिलियासाठी हरणाच्या कातड्याचे नवे जोडे शिवले, वाटेत खायला मका भाजला.

आज पहाटेच्या धुक्यात दोघी नदीवर आल्या. होडी तयार होती. काहेन्तेचे डोळे लाल झाले होते.

"रात्रभर रडलीस ना?"

"रडायला काय झालंय? झोपले नाही, एवढंच."

"का गं?"

काहेन्तेने तिच्या खांद्यावरची घोंगडी सारखी केली.

"झोपले असते, तर मलाही स्वप्न पडलं असतं."