कंबरभर पाणी

"सही करा मॅडम. काँक्रीट कुणासाठी थांबत नाही," कंत्राटदार म्हणाला.

फाटकाशी मिक्सरच्या तीन गाड्या घरघरत उभ्या होत्या. तासाभरात माल ओतला नाही तर तो आतच घट्ट झाला असता. नव्या प्रसूतिगृहाच्या जोत्याभोवती फळ्या ठोकून तयार होत्या, चार फुटांच्या. आर्किटेक्टला सहा फूट हवे होते. पूर्वी दिवसभरात पडायचा तेवढा पाऊस आता दोन तासांत कोसळतो, हे तिने आकडे काढून तीनदा समजावलं होतं. जोतं बुटकं राहिलं तर खाटांवरच्या बाळंतिणी पाण्यात, इतकं ते सरळ होतं.

इस्पितळाचे मोठे डॉक्टर काही आडमुठे नव्हते. पण जोतं एक फूट चढलं की स्ट्रेचरचा उतार बारा फुटांनी लांबतो. सहा फुटांना बहात्तर फूट. "कळा सुरू झालेल्या बाईला एवढं ढकलत न्यायचं?" ते विचारायचे.

घोडं अडलं होतं एकाच गोष्टीवर. मागचा पूर किती होता? नदीवरची मोजपट्टी त्याच पुरात वाहून गेली. जुनी इमारत पाडली तेव्हा भिंतीवरची खूणही गेली. उरली होती रजिस्टरमधली एक ओळ : 'वॉर्डात पाणी कंबरेपर्यंत, अकरा बाळं झरोक्यातून बाहेर दिली.' ती लिहिणाऱ्या सिस्टर निवृत्त होऊन घरी होत्या. आज डॉक्टरांनी गाडी पाठवून त्यांना आणलं. त्या सांगतील ते दोन्ही बाजूंनी निमूट ऐकायचं, असं ठरलं.

सिस्टर उतरल्या त्याच मुळी राउंडला आल्यासारख्या. आधी कंत्राटदाराला हेल्मेटचा पट्टा लावायला सांगितला. मग खुर्ची नाकारून उभ्याच राहिल्या.

"नीट आठवून सांगा सिस्टर," आर्किटेक्ट म्हणाली. "पाणी नक्की कुठवर होतं?"

"लिहिलंय ना मी? कंबरेपर्यंत."

"थोडं वरही नाही?"

"बोटभरसुद्धा नाही. पट्टा भिजला, छातीवरच्या खिशातलं घड्याळ कोरडं राहिलं. तेच घड्याळ आहे हे, बघ."

कंत्राटदाराने टेप काढला. सिस्टरांची परवानगी घेऊन त्यांच्या टाचेपासून कंबरेपर्यंत मोजलं. "पावणेतीन फूट," तो म्हणाला. "आणि जुन्या वॉर्डाची फरशी रस्त्याच्या पातळीलाच होती. आपण चार देतोय मॅडम. वर सव्वा फूट उरतोय. तुमचा पूर अजून कागदावरच आहे."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फक्त पेन पुढे केलं. आर्किटेक्टला हरल्याचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं. महिनाभर ती या माणसांना नसती भीती घालत होती की काय, असं तिच्या मनात आलं. तिने नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. कंत्राटदाराने हात वर केला आणि पंपाचा पाइप फळ्यांच्या दिशेने वळला.

सहीचं पहिलं अक्षर काढून ती थांबली. एवढ्या लांबून आणलेल्या बाईशी दोन शब्द चांगले बोलावेत, म्हणून.

"खरंच कमाल आहे तुमची, सिस्टर. कंबरभर पाण्यात उभं राहून अकरा बाळं झरोक्यातून बाहेर दिलीत. एकदाही पाय घसरला नाही?"

"घसरेल कसा?" सिस्टर म्हणाल्या. "टेबलावर उभी होते ना मी."