स्टेडियममधला फुगा

स्टेडियम गच्च भरलं होतं. बाबा मांडीवर फुगा घेऊन बसले होते. "वाढदिवस कुणाचा, काकू?" मागच्या तरुणाने आईला विचारलं. "कुणाचा नाही रे. यांना जन्मापासून ऐकू येत नाही. ड्रम वाजले की फुग्यातून हाताला कळतात म्हणे. ड्रमवर आमचा मुलगा आहे." गायकाने नुसत्या गिटारवर येशूची प्रार्थना सुरू केली. फुगा ढिम्म. बाबांनी आईकडे पाहिलं. तिने खुणेने 'थांबा' म्हटलं, पण तिचाच धीर सुटत होता. मग दादाने काठ्या उचलल्या. हजारो लोक 'हालेलुया' गात उठले. बाबांचे डोळे विस्फारले. फुगा छातीशी कवटाळून तेही उठले आणि ठेक्यावर पाय आपटू लागले. गाणं संपताच त्यांनी भराभर खुणा केल्या. "काय म्हणतात काका?" आई डोळे पुसत म्हणाली, "म्हणतात, याच्या ड्रमबद्दल शेजाऱ्यांची तक्रार खरीच होती, मी उगाच भांडायचो."