कारणाची चौकट

"आई, मी पास केलेल्यांपैकी किती जणांना पैसे मिळाले गं?"

प्रश्न मैत्रिणींचा होता. एवढी मिरवतेस ना, मग विचारून दाखव, अशी त्यांनी मधल्या सुट्टीत पैज लावली होती. टकळीने ऑफिसात शिरताच दप्तर खुर्चीत आपटलं आणि विचारून दाखवलं. तिला टकळी म्हणत ते उगाच नव्हे.

आई विद्यापीठाच्या अनुदान कक्षात होती. कुठली संस्था कुठल्या संशोधनाला पैसे देते ते हुडकायचं, प्राध्यापकांच्या मागे लागून अर्ज लिहून घ्यायचे आणि मुदतीच्या आत पाठवायचे, हे तिचं काम. प्रत्येक अर्जाला एक पान जोडावं लागे, शाळेतल्या मुलालाही कळेल असा सारांश. शाळेतली मुलगी आईच्या घरातच होती. आठवीपासून टकळी लाल पेन घेऊन बसायची. कळलं नाही की फुली. केस पिकलेले प्राध्यापक दारात उभे राहून म्हणायचे, "परीक्षक बाई, या खेपेला तरी काठावर पास करा." टकळीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आईने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "एकालाही नाही," ती म्हणाली.

"या वर्षी?"

"आजवर. तेवीस गेले, तेवीस परत आले."

आईने कपाटाकडे मान हलवली. वरच्या कप्प्यात नकाराची पत्रं लावलेली फाइल होती. प्रत्येक पत्राच्या तळाशी एक चौकट, तीत नकाराचं कारण. 'भाषा बाळबोध.' 'मांडणी अतिसुलभ.' 'विषयाची खोली जाणवत नाही.'

टकळीने सगळी पत्रं उलटून पाहिली. ती खोली तिनेच तर लाल पेनाने उपसून काढली होती.

आणि आज बाबांचा अर्ज जायचा होता. पाच वाजता मुदत संपणार, घड्याळात सव्वाचार. पुढच्या वर्षी बाबा वयात बसणार नव्हते. बारा वर्षं ते विद्यापीठाच्या तळमजल्यावरच्या खोलीत गोगलगायी पाळून होते, काचेच्या चाळीस टाक्यांमध्ये. पैसे आले नाहीत, तर ती खोली परीक्षा विभागाला जाणार होती, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचायला. बाबांचा सारांश टकळीने चार वेळा परत केला होता. पाचव्यांदा त्यांनी लिहिलं, 'तळ्याचं पाणी बिघडू लागलं की गोगलगायीचा शंख पातळ होतो. आपल्याला वास येतो त्याच्या दोन वर्षं आधी तिला कळलेलं असतं.' वाचून टकळी घरभर नाचली होती.

तेवढ्यात बाबा आत आले. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. "गेला का अर्ज?"

"थांब बाबा! तुझा तो पहिला सारांश कुठाय? एकही वाक्य न कळणारा? तोच लावायचा. मी सगळ्यांची वाट लावलीये!"

बाबांनी तिच्या हातातली फाइल पाहिली आणि हसले. "आता खालच्या कप्प्यातली काढ."

खालची फाइल जुनी होती. टकळी तेव्हा पाढे म्हणत होती, लाल पेन तिच्या हातात यायचं होतं. पहिली पाच पत्रं एकट्या बाबांचीच. चौकटी तशाच. 'भाषा दुर्बोध.' 'हेतू स्पष्ट होत नाही.' 'सामान्य वाचकाचा विचार केलेला नाही.'

"मग यांना हवंय तरी काय?" टकळी ओरडली.

"काहीच नको असतं गं," आई म्हणाली. "पैसे दहा जणांपुरते, अर्ज हजार. नकाराच्या पत्रात कारणाची चौकट रिकामी ठेवली, तर संगणक पत्र पुढे सोडत नाही. मग सुचेल ते भरतात. लग्नाआधी दोन वर्षं मी पैसे देणाऱ्या अशाच एका संस्थेत होते, त्याच चौकटी भरायला."

"तू अर्ज न वाचता कारणं लिहायचीस?"

"दिवसाला साठ लिहायचे."

टकळीने फाइल टेबलावर टाकली. "मग मला कशाला वाचायला बसवलंस?"

आईने पहिल्यांदा स्क्रीनवरून नजर वळवली. "कुणीतरी वाचायला नको?"

बाबांनी रुमालाने कोपरं पुसली. "कुठलाही लावा," ते म्हणाले. "सकाळपासून टाक्या रिकाम्या करतोय. सव्वीस झाल्या."

"बाबा! अजून उत्तर तरी आलंय का?"

"येईल की. कधी चुकलंय?"

पाचला दहा कमी होते. आई उठली आणि खुर्ची सरकवून बाजूला झाली. "आमचं डोकं चालेनासं झालंय. तू बघ."

टकळी बसली. स्क्रीनवर दोन्ही सारांश शेजारी शेजारी उघडे होते. तिने अवघड सारांश वाचला, पार शेवटपर्यंत, आणि बंद केला.

"ठरलं माझं," ती म्हणाली. "सोपाच पाठवतेय. नाही म्हणायचंय ना, म्हणू देत. पण चुकून एकाने जरी वाचला, तर आपण नेमकं कशाला नाही म्हणतोय, ते त्याला कळलंच पाहिजे."