चंदेरी

"अरे थांब! काळ्या दगडाला रंग कसला फासतोस?" विश्राम मेस्त्री धापा टाकत पोहोचले, तेव्हा किनाऱ्यावरच्या शिल्पबागेतली ती दगडी मुलगी गळ्यापर्यंत चंदेरी झाली होती.

"पर्यटकांना फोटोत चमक लागते, काका. नगरपालिकेचा हुकूम आहे," स्टुलावरचा रंगारी म्हणाला.

एकोणिसाव्या वर्षी तापाने गेलेली आपली लेक शेवंती मेस्त्रींनी आठ महिने खपून त्या दगडात घडवली होती. त्यांनी नगरपालिकेच्या साहेबांना फोन लावला. कुणी उचलला नाही. रंगाऱ्याला दम दिला, मग हात जोडले.

"मी नाही रंगवलं तर दुसरा कुणी येईल हो," तो मान खाली घालून म्हणाला.

ब्रश गालावरून वर सरकू लागला, तसे मेस्त्री पुढे झाले.

"हळू रे बाबा. डोळ्यांत जाईल तिच्या."