हाताची घडी, डोक्यावर कोहळं

एस्तेरबाईंनी नागपूरच्या चर्चमध्ये तीस वर्षं संडे स्कूल घेतलं एकाच शिस्तीवर: हाताची घडी, तोंडावर बोट. तीच शिकवायला त्या मिशनतर्फे दहा दिवस आफ्रिकेत, मलावीला जाऊन आल्या. परतल्यावर पहिल्याच रविवारी कापणीचा सण होता. मंडळी अर्पणाच्या भाज्या पायाशी ठेवून बसली होती. पाळकांनी विचारलं, “बाई, तिकडच्या पोरायले काय शिकवलं?” “मीच शिकून आली. तिकडं देवाले काही द्याचं असलं तर नाचत नेतेत.” पदर खोचून, कोहळं डोक्यावर घेऊन बाई दुखऱ्या गुडघ्यांनी ठेका धरत वेदीकडे निघाल्या. बाकांवर त्यांचेच विद्यार्थी, आता टक्कल पडलेले, हाताची घडी मात्र तशीच. आपलं हसं झालं असं वाटून बाई थबकल्या. तेवढ्यात सर्वांत जास्त छड्या खाल्लेला शलमोन डोक्यावर पत्ताकोबी ठेवून उठला. एकेक घडी सुटत गेली.