खरं मत इथे मिळेल

सुनेच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक टिकेना, कारण सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या प्रत्येकीला तोंडावर सांगत, "यात तू लोडासारखी दिसतेस." सुनेने आरसा बदलला, दर उतरवले, सासूबाईंनी घरी बसावं म्हणून मोठा टीव्हीसुद्धा आणला. मालिका संपली की सासूबाई हजर! शेवटी सुनेने दारावर पाटीच लावली : 'कपडे कुठूनही घ्या, खरं मत इथे मिळेल. लगेच फिटिंग करून देऊ.'

महिन्याभरात रांग लागली.

एका दुपारी सासूबाई एकीला म्हणाल्या, "अगदी छान दिसतेस गं!" ती बाई एक टाकाही घालून न घेता खुशीत निघून गेली.

सुनेने मशीन थांबवलं. "आई, असं गोड बोलून धंदा बुडवाल हो माझा!"