फोनवर आलेलं नाव

बसवराज चौथ्यांदा "हॅलो" म्हणाले. पलीकडे कुणीतरी होतं, पण बोलत नव्हतं. मग फोन बंद झाला.

"ही काय रीत हाय?" ते बायकोला म्हणाले. "मी उचललं की बोलतच न्हाईत."

उमाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "चुकून लागत असंल," त्या म्हणाल्या.

"रोज दुपारी? चुकून?"

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बसवराजांनी लातूरच्या गंज बाजारातलं आडतीचं दुकान पुतण्याच्या हाती दिलं. तेव्हापासून दिवसभर ते घरात, आणि फोन त्यांच्या खिशात. त्याआधी त्यांना दुकानातला फोन पुरायचा. हा घरातल्या दिवाणावर पडून असायचा, वाजला की उमाबाई उचलायच्या. घरात दुसरा फोन नव्हता.

उमाबाईंना वाटायचं, जुनं होतं तेच बरं होतं. माहेरी उदगीरला ट्रंककॉल आला की पोस्टातला माणूस आधीच सांगायचा, लातूरहून तुमच्या मावशीचा आहे म्हणून. मावशीला काय सांगायचंय तेही बहुतेक वेळा त्याला ठाऊक असायचं. पुढे घरात काळा फोन आला. कोण आहे ते आवाजावरून कळायचं, आणि कोणीही असलं तरी आधी चौकशी व्हायची, जेवण झालं का.

संध्याकाळी बसवराजांनी फर्मान काढलं. शेजारच्या मडिवाळप्पांच्या फोनवर उचलायच्या आधीच नाव येतं, तशी सोय आपल्यालाही पाहिजे. उमाबाईंनी उद्याच मोबाइलच्या दुकानात जाऊन ती करून आणावी.

"आन् तरीबी नाव कळलं न्हाई, तर नंबरच बंद करू. नुसतं हॅलो हॅलो करत किती दिवस बसायचं?"

नंबर बंद करायचा म्हटल्यावर त्या रात्री उमाबाईंना भाकर गेली नाही.

मोबाइलचं दुकान दीपमाला नावाची बाई चालवायची. बोलायला मोकळी, पण गिऱ्हाइकाला फार वेळ देणारी नव्हे. तिने सांगितलं, अशा सोयी पुष्कळ आहेत. काही फुकट, काहींना महिन्याला पैसे, आणि सगळ्याच सारख्या नसतात. मग रोज दुपारी येणारा तो नंबर तिने एकीत घालून पाहिला आणि नाव वाचून दाखवलं.

"हे न्हाई," उमाबाई म्हणाल्या.

दीपमालाने ती सोय काढून दुसरी टाकली. ती पैशाची होती. आता नावाबरोबर फोटोही आला. उमाबाईंनी पदराने चष्मा पुसला, फोटो बराच वेळ पाहिला आणि पुन्हा मान हलवली.

दीपमाला वैतागली. दोन्हीकडे एकच नाव येतंय, तर चुकीचं कसं असेल, असं तिने विचारलं. उमाबाईंनाही स्वतःचाच वैताग आला होता. बाहेर ऑटोवाले हॉर्न वाजवत होते आणि घरी बसवराज वाट बघत होते. अजून एखादी असेल तर बघ माय, असं त्या अजिजीने म्हणाल्या.

तिसरी सोय जुनाट निघाली. तिच्यात त्या नंबरावर नाव आलं, 'विद्यादीप क्लासेस, नांदेड'.

"हीच टाक," उमाबाई म्हणाल्या.

"आजी, ही चुकीची माहिती देते. हा नंबर पूर्वी क्लासवाल्यांचा असंल, आता दुसऱ्या कुणाचा तरी हाय. तुम्हाला खरं नाव पाहिजे ना?"

"हीच टाक, माय."

खरं नाव उमाबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोन वर्षांमागे त्यांच्या धाकट्या मुलीने, शिवानीने, नांदेडच्या आनंदराजशी लग्न केलं. मुलगा बँकेत होता, बौद्ध घरातला. "तिचं नाव या घरात पुन्हा घ्यायचं न्हाई," असं बसवराज त्या दिवशी म्हणाले आणि नंतर कधी कुणी घेतलंही नाही. पण नवा नंबर घेतल्यापासून शिवानी रोज दुपारी आईला फोन करायची. तिला दिवस गेल्याचं तिने या फोनवरच सांगितलं होतं. नंबर बंद झाला असता तर माय कुठे शोधायची तिने? आणि खरं नाव दिसलं असतं, तर काय झालं असतं?

घरी येताना उमाबाईंना पुष्कळ दिवसांनी हलकं वाटलं. क्लासवाल्यांचे फोन आहेत, असं कळलं की बसवराज कंटाळून फोन दिवाणावर टाकून देतील. मग आपलं आपण बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बसवराज चष्मा लावून, फोन हातात घेऊन बसले होते. जेवतानाही त्यांनी तो ताटाशेजारी ठेवला. दुपारी तो वाजला. त्यांनी नाव वाचलं, फोन जरा लांब धरून पुन्हा वाचलं. उचलला मात्र नाही. वाजून वाजून तो गप्प झाला.

"कोण हाय?" उमाबाईंनी आतून विचारलं.

"नांदेडचे क्लासवाले."

"बघा. मी म्हणलं न्हवतं का, तसलंच कायतरी असंल."

बसवराजांनी चष्मा काढला. फोन दिवाणावर पालथा घातला.

"उद्या बंदच करून टाकू हा नंबर," ते म्हणाले. "मला आपलं वाटत होतं, शिवानी हाय."